सोनवणेकाकांचा धूर

आमच्या वास्तुशांतीला सोनवणेकाका पेटती उदबत्ती हातात घेऊन आले. शेजारी भाविक दिसतात, असं वाटून माझ्या आईने त्यांना देवघराकडे जायला वाट करून दिली. काका देवघर ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेले. तिथल्या खिडकीपाशी उदबत्ती धरून, डोळे बारीक करून धुराची रेघ बघत राहिले. मग ती दाराच्या फटीशी धरली. मग संडासाच्या झरोक्याशी. ते पाहून गुरुजींचा मंत्र अडखळला. शेवटी हॉलच्या मधोमध उभं राहून काकांनी निकाल दिला, "घर छान आहे. पण ड्राफ्ट नाही, धूर बाहेर ओढला जात नाही. मिरचीची फोडणी द्याल, तर ठसका थेट बेडरूममध्ये."

आई दुखावली. पण दुसऱ्याच दिवशी तिने ठेचा परतायला घेतला आणि बेडरूममध्ये झोपलेले माझे वडील खोकत उठून बसले. तेव्हापासून आमचं आणि सोनवण्यांचं जमलं.

प्रल्हाद सोनवणे एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी बॉयलरवर. नाशिकला उपनगर भागातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात. लोक गच्चीवर गार वारा खायला जातात, काका चिमण्यांची तब्येत बघायला जात. "आज धूर जरा पिवळट आहे," असं म्हणत, घरातल्या कुणाची जीभ बघावी तसं.

धुराशिवाय त्यांना दुसरा विषय नव्हता. महापालिकेची डास मारायची गाडी गल्लीत आली की आम्ही पटापट खिडक्या लावायचो आणि काका खाली उतरायचे. गाडीमागे चालत चालत ते त्या माणसाला समजावत, "भाऊ, वारा कुठला, तू फवारतो कुठं? डास तिकडं आणि औषध माझ्या नाकात!" कोपऱ्यावरच्या मक्याच्या कणसंवाल्याला त्यांनी शेगडीचं तोंड फिरवायला लावलं होतं. जोशींच्या घरच्या होमात ते यजमानाशेजारी बसले आणि "समिधा ओल्या आहेत" म्हणून पुटपुटले. त्यांची दोन वाक्यं ठरलेली होती. एक, "ड्राफ्ट बघा, ड्राफ्ट!" आणि दुसरं, "धूर खोटं बोलत नाही." दुसरं वाक्य ते फार जपून, न्यायाधीशासारखं वापरत.

हा माणूस रबराच्या नादी लागला तो माझ्यामुळे.

मी अंबडच्या एका छोट्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. खरेदी विभाग म्हणजे मी आणि एक टेबल. आमच्याकडे गाड्यांना लागणारी रबरी बुशं आणि वायसर बनतात. एके दिवशी दुपारी दोन बाया गोणी घेऊन आल्या. गोणी उघडली आणि शेडमधल्या सगळ्यांना वाटलं, कुठंतरी घूस मरून पडलीय. आत काळे-तपकिरी, चिकट गोळे होते. त्यांत पानं होती, माती होती, मुंग्याही होत्या.

दोघींमधली बोलणारी पारूबाई. पेठच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून जंगलात त्यांचा पाडा. तिथं कुणीतरी कधीकाळी रबराची झाडं लावून दिली आणि लावणारे पुन्हा फिरकले नाहीत. झाडं मात्र वाढली. बाया पहाटे सालीवर चरे पाडून चीक काढायला शिकल्या. तो वाटीतच गोठायचा, त्याचे गोळे व्हायचे, आणि एक व्यापारी येईल तेव्हा, देईल त्या भावाने घेऊन जायचा.

आमचे शेठ भले गृहस्थ. त्यांनी नाकाला रुमाल लावून गोळा दाबून बघितला. म्हणाले, "बाई, माल खरा आहे. पण हा मी मशीनला घातला तर मशीनच ओकेल. मला स्वच्छ पातळ शीट पाहिजे, धुरी देऊन वाळवलेली. केरळातून येते तशी. ती आणा, मी घेतो."

"तशी कशी करत्यात?" पारूबाईने विचारलं.

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

पारूबाईने गोणीचं तोंड बांधलं. जाताना सहज सांगावं तसं म्हणाली, "नाय जमलं, तर दिवाळी झाली का पुन्ना द्राक्षांच्या बागांवर मजुरीला. पोरं म्हाताऱ्यांपाशी टाकून."

संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मी ही हकीकत सांगत होतो. काका एकलहऱ्याच्या दिशेला तोंड करून बसले होते, ऐकतायत असं वाटत नव्हतं. पण मी "धुरी" म्हटलं आणि ते उभे राहिले.

"कसली धुरी? किती ऊब? ओला धूर का कोरडा?"

"काका, मला काय माहीत?"

"मग माहीत करून घे ना! आणि पेठची बस सीबीएस स्टँडवरून किती वाजता?"

त्या आठवड्यात त्यांनी मोबाइलवर केरळातल्या रबरवाल्यांचे व्हिडिओ बघितले. मल्याळममधले. भाषेचं अडलं नाही, कारण ते माणसांकडे बघतच नव्हते, मागच्या खोलीतून निघणाऱ्या धुराकडे बघत होते. मला ऐकवलं, "प्रकार सोपा आहे. चीक गाळायचा, पाणी घालायचं, थेंबभर ॲसिडने ट्रेमध्ये विरजायचा. वडी धरली की लाटायची, आणि लाटलेली धुरात टांगायची."

"म्हणजे खरवस," माझी आई म्हणाली.

"अगदी! फक्त खायचा नाही."

लाटायला रूळ हवे होते. नवं यंत्र घेणं कुणालाच झेपणारं नव्हतं. काकांनी भंगार बाजारातून उसाच्या रसाचा जुना हातचरक शोधून काढला, खाचांच्या रुळांचा, वर घुंगरू लावलेला. खाचा पाहून तर ते हरखलेच, कारण शीटवर रेघा पाडाव्याच लागतात, त्याने ती लवकर वाळते. चरक एसटीत चढवताना कंडक्टरने विचारलं, "आजोबा, रसवंती टाकताय का? ऊस कुठंय?"

"उसाचा नाही, झाडाच्या चिकाचा रस काढायचाय."

कंडक्टरने त्यांना पुढच्या सीटवर, आपल्या नजरेसमोर बसवलं.

मग काका दर आठवड्याला जायला लागले. सकाळी जायचे, कधी मुक्काम करायचे, आणि परत आले की जिन्यातून वर येईपर्यंत त्यांच्या अंगाचा वास आमच्या घरात पोचलेला असायचा.

अशात एक दिवस विमलकाकू आमच्याकडे आल्या. काकू म्हणजे सोनवणेकाकांच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्यापुढे आजही मी पाय जुळवून उभा राहतो. खुर्चीत ताठ बसून त्या म्हणाल्या, "नितीन, तू एकदा ह्यांच्याबरोबर तिकडे जाऊन ये. मला शंका आहे."

"कसली, काकू?"

"हे घरी येताना गुणगुणतात."

मला हसू आलं. काकूंना आलं नाही. "लग्न झाल्यापासून हे कधी गुणगुणलेले नाहीत. तू बघून ये आणि मला खरं काय ते सांग."

अशा रीतीने मी हेर म्हणून पाड्यावर गेलो. बस जिथं सोडते तिथून पुढे उताराची पायवाट. झाडी संपता संपता रबराची झाडं लागली, प्रत्येकाच्या पोटाला वाटी बांधलेली. पाड्याजवळ पोचतो तो घुंगरांचा आवाज. बाया चरकातून पांढऱ्याशुभ्र वड्या काढत होत्या आणि रूळ फिरला की घुंगरू वाजत होते. मी म्हटलं, "हे घुंगरू काढत का नाही?" पारूबाई म्हणाली, "काकांनी काढले व्हते. आमी पुन्ना लावले. कामाला ताल नको का?"

कुडाच्या खोलीत काकांनी धुराचं घर केलं होतं. मधोमध खड्डा, खड्ड्यात जाळ, वर बांबूंवर शीटा टांगलेल्या. कित्येक पहाटांचा चीक होता तो. काका दाराशी उभे राहून वर येणारा धूर दाखवत होते. "बघ कसा चढतोय! हे घर बॉयलरच्या तोडीचं आहे."

पारूबाई हळूच म्हणाली, "काका, जाळ लय हाय."

"असू दे. धूर कसा हलका आहे बघा. धूर खोटं बोलत नाही."

त्या दिवशी आम्ही मुक्कामाला राहिलो. सकाळी दार उघडलं तेव्हा अर्ध्या शीटा फोड येऊन फुगल्या होत्या, आणि उरलेल्या वितळून एकमेकींत गुंतून बांबूवरून लोंबत होत्या. सगळ्या दारात उभ्या राहून बघत होत्या. एका बाईने लोंबणारा तुकडा बोटाने ओढून बघितला. तो लांबतच गेला.

काका म्हणाले, "चूक माझी."

पारूबाईने नकारार्थी मान हलवली नाही की होकारार्थी. ती म्हणाली, "काका, आमची भाकर करपली तर आमी चूल फोडत नाय. जाळ कमी करतो. पर तुमी आमाला इचारलंच नाय."

परतीच्या बसमध्ये काका गुणगुणले नाहीत.

मी काकूंना अहवाल दिला. रबर, धूर, चरक, दुसरं काही नाही. त्या ऐकत राहिल्या. पुढचा आठवडा काका गच्चीवर गेले नाहीत, डासांची गाडी आली तरी खाली उतरले नाहीत. बसचा वार आला तरी बनियनवर बसून राहिले. मी सकाळी ऑफिसला निघालो तेव्हा त्यांच्या दारातून काकूंचा आवाज येत होता, वर्गात येतो तसा.

"माझ्या वर्गात मुलं नापास व्हायची, म्हणून मी शाळा बंद नाही केली. डबा भरलाय. बस चुकेल."

"मी त्यांचं नुकसान केलं."

"म्हणून तर जायचं. उठा."

काका उठले. मला म्हणाले, "नितीन, सुट्टी टाक. दोन हात जास्तीचे लागतील."

या खेपेला पाड्यावर गेल्यावर ते आधी पारूबाईच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आता तुम्ही सांगा. सुकी मासळी तुम्ही कशी ठेवता?"

पारूबाईने त्यांना आत नेलं. चुलीपासून बाजूला, छताला बांबूंचा माळा बांधलेला होता. त्यावर सुकी मासळी, बियाण्याची कणसं. जाळ इथं, माल तिथं. धूर फिरत फिरत, गार होत माळ्यापर्यंत जायचा. काका बराच वेळ मान वर करून बघत राहिले. त्यांचे डोळे पाण्याने भरले होते, पण ते धुराने असणार.

"जाळ घराबाहेर काढायचा," ते म्हणाले. "आणि धूर जमिनीखालून चालवत आणायचा. येता येता गार होईल."

मग खणणं सुरू झालं. मला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत होईल. हातभर खाली कातळ लागला. दुसऱ्या बाजूने खणलं, तिकडे मुळं. काका पहार मारत होते, बाया माती ओढत होत्या, मी फोड आलेले तळहात लपवत होतो. चर झाला, त्यावर फरशा टाकल्या, मातीने लिंपला, बाहेरच्या तोंडाशी भट्टी केली. पहिल्यांदा जाळ केला तर धूर खोलीत जायचं सोडून भट्टीच्या तोंडातून आमच्याच अंगावर आला. काका खोकत खोकत ओरडले, "ड्राफ्ट!" आणि बायांनी एका सुरात उत्तर दिलं, "डराप!" पाड्यावर तो शब्द तोवर शिवीसारखा रुजला होता.

छपराला वर झरोका पाडला. पुन्हा जाळ. बराच वेळ काही नाही. मग खोलीत जमिनीलगत धुराची एक पातळ, आळसावलेली रेघ आली, आणि वर वर चढत झरोक्यातून निघून गेली. पारूबाईने आत हात धरून बघितला. "बाळंतिणीच्या खोलीइतकी ऊब," ती म्हणाली. "आता ठीक हाय."

नव्या शीटा आत टांगल्या आणि चार-पाच दिवस पाळ्या लावून बायांनी जाळ राखला. काका प्रत्येक पाळीला विचारत, "काय वाटतं तुम्हाला?" आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवत. ते त्यांना किती जड जात होतं, ते मी बघत होतो.

शीटा घेऊन पारूबाई आणि काका अंबडला आले. शेठनी एक शीट उचलून ट्यूबलाइटसमोर धरली. मधासारखा रंग, आरपार उजेड दिसत होता. वास धुराचा, घुशीचा नाही. त्यांनी ओढून बघितली, दुमडून बघितली. काही शीटांना कडेने बुरशी होती, एकीत बुडबुडे होते, त्या त्यांनी बाजूला काढल्या. पारूबाईचा चेहरा पडला. शेठ म्हणाले, "ह्या नाही घेणार. पण बाकीच्या घेतो. आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आणा."

"पुन्ना म्हंजे दर महिन्याला?"

"जमेल तसं. पण अशाच."

शेठनी नाकारलेल्या शीटा पारूबाईने तेवढ्याच जपून पिशवीत घातल्या. काका कारखान्याच्या दारात उभे राहून वर बघत होते. शेडच्या धुराड्याला टोपी नव्हती. पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.

दिवाळी झाली. पाड्यावरच्या काही घरांतल्या बाया तरीही बागांवर गेल्या. एवढ्या झाडांत सगळ्यांचं भागणार नव्हतं. पण पारूबाई गेली नाही, तिच्याबरोबर शीटा करणाऱ्याही गेल्या नाहीत. त्यांनी निरोप पाठवला, एकदा जेवायला या. आणि निरोपात स्पष्ट सांगितलं होतं, बाईंना घेऊन या.

"कोण बाई?" काकूंनी विचारलं.

काका म्हणाले, "तू. त्या तुला बाईच म्हणतात."

काकूंनी इस्त्रीची साडी नेसली, पिशवीत औषधं घेतली, आणि आम्ही तिघं निघालो. उतरताना पायवाटेवर मी काकूंना हात द्यायला पुढे झालो, तर पारूबाई समोरून धावतच आली. "दमानं, बाई दमानं. डावा गुडघा ना?"

काकू थांबल्या. "तुला कसं कळलं?"

"काका सांगत्यात ना."

ओट्यावर घोंगडी अंथरलेली होती. एकीने काकूंसाठी बिनसाखरेचा चहा आणला. "तुमचा असाच असतो ना?" दुसरीने पानात सगळं वाढलं, वांग्याची भाजी सोडून. "तुमाला वांगं खाजतं." तिसरी एक म्हातारी जवळ सरकून बसली आणि हळूच म्हणाली, "पेपर तपासताना तुमी गाणं म्हनायच्या म्हनं. आमाला म्हना ना." काकू एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या. या बायांना त्यांच्या लेकीचं नाव माहीत होतं, ती बंगळुरूला असते हे माहीत होतं. निरोप समारंभाला मुलं रडली आणि काकूंनी रडणाऱ्यांना बाकावर उभं केलं, ही गोष्टसुद्धा माहीत होती.

"नितीन," काकू खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "हे कुठं गेले?"

काका धुराच्या घरामागे भट्टीत उगाच लाकडं सारत होते. मी जाऊन शेजारी बसलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी रात्रपाळी करून यायचो, तेव्हा तुझ्या काकू शाळेला निघालेल्या असायच्या. जिन्यात भेट व्हायची. 'डबा झाकून ठेवलाय.' 'बरं.' एवढंच. दिवसपाळी असली की त्या पेपरांत आणि मी पेंगलेला. मग मुलगी बंगळुरूला गेली, नोकऱ्या संपल्या, आणि समोरासमोर बसल्यावर कळलं, बोलायची सवयच नाही." त्यांनी एक लाकूड आत ढकललं. "इथं ह्या बाया विचारतात, बाई काय करतात, बाईंना काय आवडतं. मी सांगत बसतो. घरी कुणाला सांगणार? त्यांना तर ते माहीतच आहे."

पलीकडून गाण्याचा आवाज आला. काकू म्हणत होत्या, कवितेच्या तासाला म्हणतात तशा चालीवर, आणि बाया मागून ओळ धरत होत्या. काकांनी हातातलं लाकूड तसंच धरून ठेवलं.

परतीची बस रिकामी होती. ते दोघं पुढच्या सीटवर, मी मागे. सावळघाट चढताना काकूंनी विचारलं, "गुडघ्याचं तुम्ही त्यांना सांगितलंत. पण मी तर तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं."

"आवाज येतो ना," काका म्हणाले. "तू उठलीस की कट्कन वाजतो. जाग आलेली असते मला."

"मग कधी बोलला का नाहीत?"

बस एक वळण चढली, मग दुसरं.

"तुला वाईट वाटेल, असं वाटलं."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी तोंड आत वळवलं. "अजून काय काय ऐकू येतं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. काकांनी घसा खाकरला आणि सांगायला सुरुवात केली. मी डोळे मिटून, झोप लागल्यासारखी मान खिडकीला टेकवली आणि नाशिक येईपर्यंत उचलली नाही.